कारखान्यात माल अडतो कुठे? मटेरियल फ्लोचं साधं गणित

समजा एक लोखंडी पार्ट आहे. कटिंग, टर्निंग, ड्रिलिंग, ग्राइंडिंग अशी चार ऑपरेशन्स, आणि चारही मिळून मशीनवरचा वेळ वीस मिनिटं. आता त्याचा बार स्टोअरमधून इश्यू झाल्यापासून तयार पार्ट डिस्पॅचला जाईपर्यंत किती दिवस गेले ते मोजायला बसलं तर बऱ्याच कारखान्यांत उत्तर दोन-तीन आठवडे येतं. काम वीस मिनिटांचं, मग बाकीचा वेळ गेला कुठे? तर तो पार्ट कधी ट्रॉलीत, कधी बिनमध्ये, कधी इन्स्पेक्शनच्या टेबलाशेजारी, कधी जॉब वर्कला, म्हणजे बाहेरच्या शॉपकडून करून घ्यायच्या कामाला, जाणाऱ्या गाडीची वाट बघत नुसता पडून होता.

आणि तरीही डिलिव्हरी लेट व्हायला लागली की पहिला विचार काय येतो, तर फास्ट मशीन घेऊया, ओव्हरटाइम लावूया. वीस मिनिटांची पंधरा झाली तरी तीन आठवड्यांत पाच मिनिटांनी काय फरक पडणार आहे? वेळ थांबण्यात जातोय, त्यामुळे इलाजही थांबण्यावरच करायला पाहिजे. मटेरियल फ्लो मॅनेज करणं म्हणजे माझ्या मते मुख्यतः हेच, माल कुठे थांबतो, का थांबतो आणि तिथे थांबायची खरंच गरज आहे का हे सतत बघत राहणं.

कारखान्यात माल तीन रूपात पडलेला असतो. कच्चा माल, अर्धवट झालेला म्हणजे डब्ल्यूआयपी (वर्क इन प्रोसेस), आणि तयार माल. तिन्हीत पैसा अडकतो पण तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. कच्च्या स्टीलच्या बारपासून दहा वेगळे पार्ट बनू शकतात, म्हणजे तो पडून असला तरी तुमच्या हातात अजून पर्याय आहेत. तोच बार एकदा कापून टर्न केला की तो एकाच पार्टचा झाला, आणि ती ऑर्डर कॅन्सल झाली तर त्याचं काय करायचं हा प्रश्न. तयार मालाचा फायदा एवढाच की गिऱ्हाईकाने मागितला की लगेच देता येतो, पण त्यात मटेरियल, मजुरी, वीज सगळं ओतून झालेलं असतं. म्हणून साठा ठेवायचाच असेल तर कुठल्या टप्प्यावर ठेवायचा हा किती ठेवायचा याच्याइतकाच मोठा निर्णय आहे, आणि तो बऱ्याचदा कोणी घेतलेलाच नसतो, आपोआप झालेला असतो.

डब्ल्यूआयपीचं एक गणित मला सगळ्यात जास्त आवडतं कारण ते इतकं साधं आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर विश्वास बसत नाही. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी ते रीतसर सिद्ध केलं, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. फ्लोअरवर पडलेले नग भागिले रोज बाहेर पडणारे नग, बरोबर एका नगाला लागणारे सरासरी दिवस. शॉपमध्ये ६०० नग आहेत आणि रोज ५० बाहेर पडतात, म्हणजे आज आत टाकलेला नग सरासरी १२ दिवसांनी बाहेर येणार. मशीन कुठली, ऑपरेटर कोण, प्रॉडक्ट काय, काही विचारायची गरज नाही, फक्त कारभार बऱ्यापैकी स्थिर चालू असला पाहिजे.

आता हे उलटं वाचा. रोजचे ५० तसेच राहिले आणि फ्लोअरवरचे ६०० चे ३०० केले तर १२ दिवसांचे ६ होतात. नवीन मशीन नाही, जास्त माणसं नाहीत, फक्त आत माल सोडायचा कमी केला. हे सांगितलं की शॉपमधले लोक लगेच म्हणतात की माल कमी सोडला तर मशीन रिकामी बसेल. त्यांची भीती खोटी नाही. एवढं कमी करू नये की ज्या मशीनवर सगळं अडतं ती मशीनच उपाशी राहील. पण बहुतेक ठिकाणी ती मर्यादा यायच्या कितीतरी आधीपर्यंत माल कमी करता येतो, कारण तो ढीग मशीनला पुरवायला म्हणून लागलेला नसतोच, तर वरून सोडत गेले आणि खाली साचत गेला असा असतो.

ज्या मशीनवर सगळं अडतं त्याला आपण बॉटलनेक म्हणतो. चार ऑपरेशन्समधली तीन तासाला २० नग काढतात आणि एक १२ काढतं, तर पूर्ण लाईन तासाला १२ च देणार. बाकीच्या तिघांना २० च्या वेगाने पळवलं तर जादा नग फक्त त्या चौथ्यासमोर ढीग म्हणून साचतात. म्हणजे तीन मशीन्सचा रिपोर्ट छान दिसतो, एफिशिअन्सी उत्तम, आणि फ्लो मात्र बिघडलेला. माल आत सोडण्याचा वेग बॉटलनेकच्या वेगाला बांधा, त्याच्यासमोर थोडा साठा मुद्दाम ठेवा म्हणजे तो कधी रिकामा बसणार नाही, आणि बाकीच्यांनी अधूनमधून रिकामं बसलं तर बसू द्या. शेवटचं वाक्य मॅनेजमेंटला पटवणं हे या सगळ्या विषयातलं खरोखर अवघड काम आहे.

मशीन रिकामी बसलेली कोणालाच आवडत नाही, पण प्रत्येक मशीन शंभर टक्के भरायच्या नादात काय होतं ते आकड्यात बघा. काम अनियमित येत असेल आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळही कमीजास्त होत असेल, तर साध्या रांगेच्या गणिताप्रमाणे मशीन ५० टक्के भरलेली असताना एखाद्या कामाला साधारण एका कामाच्या वेळेइतकं थांबावं लागतं. ८० टक्क्यांना चारपट, ९० ला नऊपट आणि ९५ ला एकोणीसपट. ९० वरून ९५ वर जाताना मशीनकडून थोडंसंच जास्त काम निघतं आणि रांग दुपटीहून मोठी होते. भरलेल्या हायवेवर होतं तेच, सगळा रस्ता गाड्यांनी वापरात असतो आणि कोणी पुढे सरकत नसतो. म्हणून थोडी मोकळी जागा ठेवणं हा आळस नाहीये, त्या मोकळ्या जागेतूनच माल वाहतो. आणि जिथे कामाच्या वेळेतली अनियमितता कमी करता येते, म्हणजे ब्रेकडाऊन कमी, रिवर्क (बिघडलेलं काम पुन्हा करणं) कमी, माल वेळेवर, तिथे मशीन जास्त भरली तरी रांग तेवढी वाढत नाही.

आता बॅच. एका वेळी किती नग करायचे हा प्रश्न जुना आहे, १९१३ मध्ये फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाच्या अमेरिकन माणसाने त्याचं सूत्र मांडलं, जे आज इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी म्हणून शिकवतात. कल्पना अशी की दरवेळी सेटअप करायचा, म्हणजे मशीन पुढच्या पार्टसाठी लावून घ्यायचा, खर्च येतो म्हणून मोठी बॅच बरी वाटते, पण मोठी बॅच म्हणजे जास्त साठा आणि साठा सांभाळायचा खर्च, तर दोघांची बेरीज जिथे कमीत कमी होते तो आकडा धरायचा. सूत्रात वर्गमूळ आहे, आणि त्या वर्गमुळाचा अर्थ असा की सेटअपचा खर्च एक चतुर्थांश केला तर योग्य बॅच अर्धी होते.

गणित बरोबर आहे, पण लोकांनी कित्येक वर्षं सेटअपचा खर्च हा देवाने दिलेला आकडा आहे असं धरूनच ते वापरलं. टोयोटामध्ये तो आकडाच बदलायला घेतला. तिथे हजार टनाच्या एका प्रेसची डाय म्हणजे साचा बदलायला चार तास लागायचे, शिगेओ शिंगो यांनी १९६९ च्या सुमाराला त्यावर काम करून आधी तो वेळ दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणला. मुख्य युक्ती अशी की मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं आणि मशीन चालू असताना करून ठेवता येणारी कामं वेगळी काढायची, पुढची डाय, बोल्ट, पाने सगळं आधीच शेजारी तयार ठेवायचं, आणि मग बंद असतानाची कामंही एकेक करून कमी करायची. चार तासांचे तीन मिनिटं म्हणजे ऐंशीवा हिस्सा, आणि सेटअपचा खर्च वेळेच्याच प्रमाणात धरला तर हॅरिसच्या सूत्राप्रमाणे बॅच जवळपास नवव्या हिश्श्यावर येते. सेटअप कमी झाल्यावर वाचलेल्या वेळात तीच मोठी बॅच अजून जोरात काढायची असेल तर मात्र फ्लोला त्याचा काही उपयोग नाही, तो वेळ जास्त वेळा सेटअप बदलून छोट्या बॅच करण्यातच घालवायला हवा.

बॅचमध्ये अजून एक गोष्ट लपलेली असते जिला काहीच खर्च येत नाही. मशीनवर १०० ची बॅच केली म्हणजे पुढच्या मशीनवरही १०० च्या १०० एकदम न्यायला पाहिजेत असं कोणी सांगितलं? चार ऑपरेशन्स, प्रत्येकी एक मिनिट, १०० नग. पूर्ण बॅच संपल्यावरच पुढे नेली तर शेवटचा नग ४०० मिनिटांनी निघतो. एकेक नग पुढे देत गेलं तर पहिला नग चौथ्या मिनिटाला आणि शेवटचा १०३ व्या मिनिटाला. मशीन त्याच, माणसं तीच, सायकल टाइम तोच. एकेक शक्य नसेल, मशीन लांब लांब असतील, तर दहा-दहा न्या, तरीही प्रचंड फरक पडतो. आणि दुसरा फायदा क्वालिटीचा, कारण पहिल्या ऑपरेशनला ड्रिल चुकीचं लागलं असेल तर ते दुसऱ्या ऑपरेशनला पहिल्या काही नगांतच कळतं, शंभर खराब झाल्यावर नाही.

इथपर्यंत एका पार्टचं झालं. असेंब्ली आली की गणित एकदम कडक होतं.

एका प्रॉडक्टला २० पार्ट लागतात आणि स्टोअर सांगतं की आमच्याकडे कुठलाही पार्ट ९५ टक्के वेळा असतोच. ऐकायला छान आहे. पण वीसच्या वीस पार्ट एकाच वेळी असण्याची शक्यता काढा, ०.९५ चा वीस वेळा गुणाकार, उत्तर ३६ टक्के. म्हणजे तीनातल्या जवळपास दोन वेळा असेंब्ली कशावाचून तरी अडणार. ९९ टक्के केलं तर ८२. आणि पार्ट ५० असले तर ९९ टक्क्यांनाही फक्त ६० च्या आसपास. लाईन स्टॉप झाल्यावर स्टोअर म्हणतं आमच्याकडे जवळपास सगळं होतं, प्रॉडक्शन म्हणतं आम्हाला कधीच पूर्ण माल मिळत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. हा वाद माणसांचा नाहीच, तो गुणाकाराचा आहे.

यातून दोन सवयी निघतात ज्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे फुल किट, सगळे पार्ट जमल्याशिवाय असेंब्लीचं काम सुरूच करायचं नाही, कारण अर्धवट असेंब्ली जागा अडवते, त्यातले पार्ट दुसरीकडे ओढले जातात, आणि मग कशात काय कमी आहे हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरी म्हणजे स्वस्त पार्टच्या बाबतीत कंजुषी नको. वॉशर, स्क्रू, ओ-रिंग असल्या गोष्टी भरपूर ठेवा, दोन बिन करा, पहिला संपला की तोच ऑर्डरचा इशारा, नवीन माल येईपर्यंत दुसरा बिन पुरतो. खरं लक्ष, रोजचा हिशोब, फोनाफोनी ही महागड्या आणि लांबून येणाऱ्या पार्टसाठी राखून ठेवा. एबीसी ॲनालिसिस म्हणतात ते हेच.

मग हे पार्ट किती आणि कधी मागवायचे? इथे एमआरपी येतं, मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग. १९६० च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी आणि त्यांच्यासारख्या लोकांनी कॉम्प्युटरवर हे बसवलं, आणि आजच्या ईआरपीच्या, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पोटात अजून तेच आहे. मूळ विचार असा की तयार मालाची मागणी अंदाजाने काढावी लागते, पण त्याच्या पार्टची मागणी अंदाजाने काढायची गरज नाही, ती हिशोबाने निघते. चार आठवड्यांनी ५०० पंखे द्यायचेत, एका पंख्याला तीन पाती, म्हणजे १५०० पाती. स्टोअरमध्ये ४०० आहेत, ३०० ऑर्डर केलेली येतायत, राहिली ८००. त्यात चार टक्के पाती रिजेक्ट होतात असा अनुभव असेल तर ८३४ बनवायला घ्यावी लागतील. पंखे जोडायला एक आठवडा आणि पाती बनवायला एक आठवडा धरला तर मागे मोजत जाऊन पातींचं काम कधी सुरू करायचं, पत्रा कधी हवा, पत्र्याची पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर कधी टाकायची हे सगळं निघतं. एका पंख्याला हे हाताने जमेल, पण शेकडो प्रॉडक्ट आणि हजारो पार्ट झाले की कॉम्प्युटरशिवाय शक्यच नाही.

एमआरपीची दुखरी जागा लीड टाइम आहे, म्हणजे ऑर्डर सोडल्यापासून माल तयार मिळेपर्यंतचा वेळ. सिस्टिममध्ये एक ठरावीक आकडा भरलेला असतो, दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे, त्या दिवशी मशीनवर किती काम आहे याचा मूळ एमआरपीला पत्ता नसतो. माल लेट व्हायला लागला की कोणीतरी प्लॅनर म्हणतो, सेफ्टीसाठी तीन आठवडे भरूया. आता सिस्टिम सगळ्या ऑर्डर एक आठवडा आधी सोडायला लागते, फ्लोअरवर नग वाढतात, आणि लिटलच्या नियमाप्रमाणे नग वाढले की दिवस वाढतात, म्हणजे खरोखरच तीन आठवडे लागायला लागतात. मग तो चार भरतो. लीड टाइम वाढवून उशीर कमी होत नाही, उलट वाढतो, आणि हे चक्र इतक्या सावकाश फिरतं की कोणाला ते आपणच सुरू केलंय असं वाटत नाही.

कानबान याच्या उलट बाजूने येतं. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी अमेरिकन सुपरमार्केटच्या पद्धतीवरून ही कल्पना घेतली, गिऱ्हाईक शेल्फवरून जेवढं उचलतं तेवढंच मागून भरायचं. कारखान्यात पुढचं ऑपरेशन गिऱ्हाईक, मागचं ऑपरेशन दुकानदार. पुढच्याने बिन रिकामा केला की त्यावरचं कार्ड मागे जातं, आणि कार्ड आल्याशिवाय मागच्याने काही बनवायचं नाही. कार्ड किती ठेवायची? तासाला ४० नग लागतात आणि बिन भरून परत यायला ४ तास, म्हणजे १६० नग, वर २५ टक्के सेफ्टी धरली की २००, बिनमध्ये ५० बसतात, म्हणजे चार कार्ड. लोकांना वाटतं कार्ड म्हणजे नुसता निरोप. खरी ताकद चार या आकड्यात आहे, कारण चारपेक्षा जास्त बिन सिस्टिममध्ये असूच शकत नाहीत, डब्ल्यूआयपीला वरून झाकण बसलं. नंतर सगळं सुरळीत चालत असेल तर एक कार्ड काढून घ्यायचं आणि काय अडतंय ते बघायचं.

पण कानबान सगळीकडे लावायचं नसतं. मागणी रोज साधारण सारखी असेल तिथे ते सुंदर चालतं. वर्षातून दोनदा लागणाऱ्या स्पेशल पार्टसाठी बिन भरून ठेवला तर तो सहा महिने धूळ खात बसणार, तिथे एमआरपीच बरं. एकाच कारखान्यात दोन्ही असायला काहीच हरकत नाही आणि चांगल्या ठिकाणी तसंच असतं.

कारखान्याच्या बाहेर, सप्लायरपर्यंत हीच गोष्ट गेली की अजून एक प्रकार होतो. एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी १९६१ च्या सुमाराला हे दाखवून दिलं होतं, शेवटच्या गिऱ्हाईकाची मागणी थोडीशी हलली तर मागे मागे जाताना ती प्रत्येक टप्प्यावर वाढत जाते. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरच्या बाबतीत हे गाजलं, बाळं काही एका आठवड्यात दुप्पट डायपर वापरत नाहीत, तरी कारखान्यापर्यंत येणाऱ्या ऑर्डर प्रचंड वरखाली होत होत्या. प्रत्येक जण थोडी सेफ्टी घालतो, ऑर्डर साठवून एकदम टाकतो, टंचाई दिसली की जास्त मागतो, आणि मागच्याला खरी मागणी दिसतच नाही. सप्लायरला फक्त पीओ पाठवण्याऐवजी तुमचा प्लॅन आणि खरा खप दाखवला तर यातला बराच त्रास कमी होतो.

एवढं वाचून साठा म्हणजे वाईटच असं कोणाला वाटलं असेल तर तेही बरोबर नाही. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये आयसिन सेकीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांना लागणारे ब्रेकचे एक छोटे व्हॉल्व्ह जवळपास सगळे तिथेच बनायचे, आणि टोयोटाकडे साठा अगदी थोडा, त्यामुळे बघता बघता टोयोटाचे जपानमधले बहुतेक सगळे प्लांट थांबले. मग साठाहून जास्त कंपन्यांनी आपापल्या मशीनवर ते व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि काही दिवसांतच लाईन परत सुरू झाल्या, ही सप्लायरशी असलेल्या नात्याची कमाल म्हणायला हवी. २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने कुठले पार्ट खरंच धोक्याचे आहेत ते शोधून चिपसारख्या गोष्टींचा काही महिन्यांचा साठा सप्लायरना ठेवायला सांगितला, आणि त्यामुळे २०२१ च्या चिप टंचाईत सुरुवातीला त्यांची बऱ्याच स्पर्धकांपेक्षा कमी पंचाईत झाली. म्हणजे कमी साठ्याचं ज्यांनी जगाला शिकवलं त्यांनीच विचार करून साठा वाढवला. जो पार्ट एकाच ठिकाणी बनतो आणि बंद पडला तर महिनोन् महिने मिळणार नाही, तो ठेवावाच लागतो. जो उद्या चार ठिकाणांहून मिळेल त्याचा ढीग कशाला?

आता शेवटचं, ज्याच्याबद्दल कोणी उत्साहाने बोलत नाही. स्टॉकचा रेकॉर्ड. सिस्टिम ४०० पाती म्हणते आणि रॅकवर ३१० असतात, की वरचा सगळा हिशोब कोसळला. वर्षातून एकदा दोन दिवस कारखाना बंद ठेवून मोजणी करणं मला फारसं उपयोगाचं वाटत नाही, कारण तोपर्यंत चूक कधी आणि कशी झाली हे कोणालाच आठवत नाही. त्यापेक्षा रोज थोडे पार्ट मोजा, महाग आणि जास्त हलणारे वारंवार, बाकीचे सावकाश. आणि फरक सापडला की नुसता आकडा दुरुस्त करून पुढे जाऊ नका, तो फरक का आला ते शोधा. रात्रपाळीत स्लिप न करता माल उचलला का, रिजेक्शन स्क्रॅपच्या बिनमध्ये गेलं पण एंट्री झाली नाही का, माल आला पण जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद दोन दिवसांनी झाली का, बीओएममध्ये, म्हणजे प्रॉडक्टला लागणाऱ्या पार्टच्या यादीत, जुनं ड्रॉइंग राहिलंय का, खरेदी किलोमध्ये आणि इश्यू नगात होतो म्हणून कन्व्हर्जन चुकलंय का. अशी चार-पाच कारणंच पुन्हा पुन्हा निघतात, आणि रात्रपाळीच्या स्टोअरला कुलूप आहे की नाही, स्लिप लिहायला तिथे माणूस आहे की नाही, इतक्या साध्या जागी त्यातली निम्मी मिटतात.